किडनी बिघडत असताना साखर ‘आपोआप’ उतरते, तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६३ वर्षांचे, वजन ६८ किलो, मधुमेह १८ वर्षांचा. ईजीएफआर (किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याचा अंदाज) तीन वर्षांपूर्वी ५० होता, आता २४ आहे. इन्सुलिन ३०/७० मिक्स (३० टक्के जलद, ७० टक्के मध्यम मुदतीचं), सकाळी २८ आणि रात्री २० युनिट. सोबत ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन दिवसाला १ ग्रॅम. गेल्या काही महिन्यांत पहाटेची साखर दोनदा ५८ आणि ६१ आली, दुपारच्या जेवणानंतर मात्र ती २४०च्या घरात असते. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ८.४ वरून ६.२ वर आलं. हिमोग्लोबिन ९.२, त्यासाठी एरिथ्रोपोएटिनची (लाल पेशी वाढवणारी) सुई चालू आहे. विचारलंय ते हे: मधुमेह बरा होतोय का, आणि किडनीचा इन्सुलिन या हॉर्मोनशी नेमका काय संबंध?

मधुमेह बरा होत नाहीये. टोचलेलं इन्सुलिन शरीरातून वेळेवर निघून जात नाहीये आणि एचबीएवनसीचा आकडा फसवतोय, या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. त्यांच्या सगळ्या सुया-गोळ्यांचा हिशेब तीन वर्षांपूर्वीच्या किडनीवर बांधलेला आहे. (खाली साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.)

स्वादुपिंडातून सुटलेलं इन्सुलिन आधी यकृतात जातं आणि जवळपास निम्मं तिथेच संपतं. उरलेलं रक्तात फिरतं आणि त्याची विल्हेवाट लावण्यात सर्वांत मोठा वाटा किडनीचा असतो. टोचलेलं इन्सुलिन त्वचेखालून थेट रक्तात येतं, यकृताचा तो पहिला टप्पा त्याला लागतच नाही. म्हणून सुई घेणाऱ्या माणसाचं किडनीवरचं अवलंबन जास्त.

किडनी इन्सुलिन लघवीवाटे बाहेर टाकते, असा एक समज आहे. तसं होत नाही. इन्सुलिनचा रेणू लहान, सुमारे ५,८०० डाल्टनचा. तो गाळणीतून सहज खाली उतरतो, पण पुढच्या नळीच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी त्याला आत ओढून घेतात आणि मोडून टाकतात. लघवीत एक टक्कासुद्धा पोहोचत नाही. शिवाय त्याच पेशी नळीभोवतीच्या रक्तवाहिन्यांमधूनही इन्सुलिन उचलतात. गाळणी मंदावली की हा दुसरा मार्ग काही काळ भर काढतो. त्यामुळे ईजीएफआर ६० वरून ४० वर येईपर्यंत घरात काहीच जाणवत नाही. ४०च्या खाली फरक पडू लागतो आणि २० च्या आसपास इन्सुलिन मोडण्याचा वेग चांगलाच घसरतो. तीच सुई, तेवढेच युनिट, पण असर जास्त वेळ टिकतो. वर्षानुवर्षं सुरळीत चाललेला डोस काही महिन्यांत अचानक जड का होतो, त्याचं उत्तर या दुसऱ्या मार्गाच्या संपलेल्या उसनवारीत आहे.

पहाटेच साखर का उतरते, याला आणखी एक कारण आहे आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. किडनी स्वतः साखर बनवते. रात्रभर उपाशी राहिल्यावर रक्तात सोडल्या जाणाऱ्या ग्लुकोजपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा किडनीच्या बाहेरच्या थरात तयार होतो. लॅक्टेट, ग्लुटामिन आणि ग्लिसरॉल हा त्याचा कच्चा माल. उपास लांबला तर हा वाटा वाढत जातो. यकृत ग्लुकागॉनचा (साखर वाढवणाऱ्या हॉर्मोनचा) हुकूम ऐकतं, किडनी तो ऐकत नाही. ती ॲड्रिनॅलिनला जागते. म्हणजे साखर घसरू लागल्यावर सावरायला धावणाऱ्यांपैकी एक अवयवच थकलेला असतो. त्यात भूक मंदावलेली, स्नायू झिजलेले, यकृतातला ग्लायकोजेनचा साठा तुटपुंजा. रात्री आठला मिक्स इन्सुलिन घेतलं की त्यातलं ७० टक्के मध्यम मुदतीचं इन्सुलिन मध्यरात्रीनंतर जोरात असतं, आणि आता ते उतरायलाही तयार नसतं. ५८ आणि ६१ हे आकडे तिथून आले.

मग दुपारी २४० कशी? किडनीच्या आजारात इन्सुलिन रेंगाळतं खरं, पण ते कामही नीट करत नाही. हा दोष मुख्यतः स्नायूंमध्ये असतो. इन्सुलिन पेशीच्या दारावर पोहोचतं, घंटीही वाजते, पण आतला निरोप पुढे जात नाही, म्हणून ग्लुकोज आत घेणारी दारं पुरेशी उघडत नाहीत. संशोधक राल्फ डीफ्रॉन्झो यांनी क्लॅम्प पद्धतीने (शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज देत इन्सुलिनचा असर मोजून) केलेल्या मोजमापांतून हे १९८१ मध्येच दिसलं होतं: अडचण यकृतात फारशी नाही, स्नायूत आहे, आणि नियमित डायलिसिसनंतर ती बरीच सुधारते. यामागे किडनी बाहेर टाकू न शकल्याने साचलेले युरिमियाचे विषारी घटक आहेत, शरीरात सततचा सौम्य दाह आहे आणि रक्तातली आम्लताही आहे. बायकार्बोनेट २२ च्या खाली असेल तर ते दुरुस्त करण्याचा फायदा साखरेलाही होतो. तेव्हा पुढच्या रक्ततपासणीत हा आकडा जरूर पाहा.

बाकीच्या हॉर्मोनचंही गणित बिघडलेलं असतं. ग्लुकागॉनही किडनीतच मोडतं, त्यामुळे त्याची पातळी वाढते. ड जीवनसत्त्व किडनीत सक्रिय होतं. ते कमी पडलं की पॅराथायरॉइड हॉर्मोन वर चढतं, स्वादुपिंडाच्या बीटा पेशींत कॅल्शियम साचतं आणि जेवणानंतर इन्सुलिनची जी पहिली झटपट लाट यायला हवी ती बोथट होते. आतड्यातून येणाऱ्या, जेवणानंतर इन्सुलिन वाढवणाऱ्या जीएलपी-१ सारख्या हॉर्मोनचा जोरही कमी पडतो. या सगळ्याची बेरीज जेवणानंतरच्या साखरेत दिसते. थोडक्यात, पोट रिकामं असताना रेंगाळलेलं इन्सुलिन भारी पडतं आणि पोट भरलेलं असताना स्नायूंनी इन्सुलिनला केलेला अवरोध. एकाच दिवसात ६१ आणि २४० दिसणं म्हणजे पथ्य मोडलं असं लगेच समजू नका.

जाता जाता, कुणी सी-पेप्टाइड (स्वादुपिंड इन्सुलिनसोबतच सोडतं तो तुकडा) तपासून ‘स्वादुपिंड उत्तम चाललंय, इन्सुलिन बंद करा’ असं सुचवलं तर थांबा. सी-पेप्टाइड प्रामुख्याने किडनीच काढून टाकते. ईजीएफआर २४ असताना ते साचून वाढलेलंच दिसणार.

आता एचबीएवनसी. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यावर साखर चढत राहते. किडनीच्या आजारात पेशीचं आयुष्य घटतं. त्यात एरिथ्रोपोएटिन दिलं की रक्तात कोवळ्या, साखर न चढलेल्या पेशींची भर पडते. सरासरी साखर तीच राहूनही एचबीएवनसी खाली येतं. शिरेतून लोह दिलं किंवा रक्त चढवलं तरी तसंच. उलट, लोहाची कमतरता उपचाराविना असेल तर तो आकडा खोटा वाढतो. वडिलांचं ६.२ म्हणूनच विश्वासाचं नाही. ८.४ ची तपासणी एरिथ्रोपोएटिन सुरू होण्याआधीची होती का, ते तारखा लावून पाहा. ईजीएफआर १५ च्या खाली गेल्यावर किंवा डायलिसिसवर तर या तपासणीवर डोस ठरवूच नये.

ग्लायकेटेड अल्ब्युमिन किंवा फ्रुक्टोसामिन (रक्तातल्या प्रथिनांवर चढलेली साखर मोजणाऱ्या तपासण्या) हा पर्याय सुचवला जातो, पण लघवीतून प्रथिनं जात असतील आणि अल्ब्युमिन कमी असेल तर तेही खोटं कमी येतं. सगळ्यात भरवशाचं म्हणजे बोटावरची तपासणी किंवा दंडावर लावायचा सेन्सर. सेन्सर १४ दिवस लावला तरी रात्रीचं चित्र स्पष्ट होतं. वडिलांसारख्या, साखर उतरण्याचा धोका असलेल्या माणसासाठी लक्ष्य असं धरतात: ७० ते १८० मध्ये निम्म्याहून जास्त वेळ, आणि ७० च्या खाली एक टक्क्याहून कमी, म्हणजे दिवसात पंधरा मिनिटांच्या आत. सेन्सर नसेल तर दोन आठवडे उपाशीपोटी, जेवणाआधी, जेवणानंतर दोन तासांनी आणि झोपताना, शिवाय आठवड्यातून दोनदा पहाटे तीनला तपासा. तीनची तपासणी कंटाळवाणी आहे, पण उत्तर तिच्यातच मिळतं. एचबीएवनसीचं लक्ष्य केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार व्यक्तीप्रमाणे ६.५ ते ८ च्या दरम्यान ठेवतात. १८ वर्षांचा मधुमेह आणि लो होणारी साखर पाहता मी वरच्या टोकाकडे, ७.५ ते ८ कडे झुकेन.

औषधांकडे वळू. शेवटचा निर्णय त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचाच, पण पुढचे मुद्दे त्यांच्यासमोर ठेवा, आणि पुढच्या महिन्याच्या भेटीपर्यंत थांबू नका.

पहिला नंबर ग्लिमेपिराइडचा. या गटातली औषधं स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, साखर किती आहे हे न बघता. ग्लिमेपिराइडचं यकृतात जे रूपांतर होतं त्यातही साखर उतरवण्याची ताकद शिल्लक असते आणि ते किडनीवाटे जातं. ग्लिबेनक्लामाइड याहून वाईट, ते या अवस्थेत द्यायलाच नको. याच गटातलं काही द्यावंच लागलं तर ग्लिपिझाइड किंवा ग्लिक्लाझाइड त्यातल्या त्यात बरं, कारण त्यांचे अवशेष निष्क्रिय असतात. पण दिवसातून दोनदा इन्सुलिन घेणाऱ्याला, पहाटे साखर ५८ येत असताना, ही गोळी हवीच कशाला? माझ्या मते ती बंद व्हावी.

मेटफॉर्मिन एकट्याने साखर लो करत नाही. त्याचा धोका वेगळा: ते साचलं आणि सोबत निर्जलीकरण किंवा जंतुसंसर्ग झाला तर लॅक्टिक आम्ल जीवघेणं वाढू शकतं. ईजीएफआर ४५ च्या खाली डोस निम्मा, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त १ ग्रॅम, आणि ३० च्या खाली बंद. वडिलांचा २४ आहे. ते आधीच थांबायला हवं होतं.

इन्सुलिनचा ढोबळ नियम असा की ईजीएफआर ५० ते १० च्या दरम्यान एकूण डोस पाव हिस्सा कमी, १० च्या खाली निम्मा. आत्ता ४८ युनिट म्हणजे किलोमागे ०.७ होतात. पाव कमी केले की ३६. पण ही कपात सकाळ-संध्याकाळ सारखी वाटून टाकण्यात अर्थ नाही, कारण दुखणं रात्रीचं आहे. रात्रीचे २० थेट १२ ते १४ वर आणणं, सकाळचे २८ जवळपास तसेच ठेवून दुपारचे आकडे पाहणं आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा दोन युनिटने सरकणं, हा सावध मार्ग. ग्लिमेपिराइड त्याच दिवशी बंद होणार असेल तर दोन्हींचा परिणाम एकत्र दिसेल, म्हणून पहिला आठवडा तपासण्या जास्त. मिक्स इन्सुलिनची मूळ अडचण अशी की जेवणाचा आणि रात्रीचा भाग एकाच बाटलीत बांधलेला असतो, एक कमी केला की दुसराही होतो. एवढ्यावर पहाटेचा प्रश्न सुटला नाही तर सकाळी घ्यायचं दीर्घ मुदतीचं इन्सुलिन आणि मोठ्या जेवणापुरतं जलद इन्सुलिन अशी फोड करावी. मळमळ असेल, जेवण किती जाईल याचा भरवसा नसेल, तर जलद इन्सुलिन जेवण झाल्यावर लगेच, जेवढं खाल्लं त्या मानाने घेता येतं. मधुमेहात जठराची हालचालही मंदावते. आधी घेतलेली सुई आणि उशिरा उतरणारं अन्न यांची चुकामूक हेही लो होण्याचं एक नेहमीचं कारण.

जेवणानंतरच्या साखरेसाठी लिनाग्लिप्टिन ही गोळी ५ मिलिग्रॅम सोयीची, त्याचा डोस किडनीप्रमाणे बदलावा लागत नाही. सिटाग्लिप्टिन चालेल, पण ईजीएफआर ३० च्या खाली २५ मिलिग्रॅमच. पायोग्लिटाझोन साखर उतरवतं, मात्र पाणी धरून ठेवतं. पायावर सूज किंवा हृदयाचा त्रास असेल तर नको.

एसजीएलटी-२ गटाच्या गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे गैरसमज जास्त. निरोगी किडनीतून दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळलं जातं आणि जवळपास सगळं परत शोषलं जातं. त्यातलं ९० टक्के काम किडनीच्या नळीतलं एसजीएलटी-२ हे प्रथिन करतं. ही गोळी ते दार बंद करते. गाळणीच मंद असेल तर लघवीतून जायला साखरच कमी असते, म्हणून ४५ च्या खाली साखरेवर तिचा परिणाम किरकोळ. तरीही ती द्यायची, पण साखरेसाठी नाही, किडनीसाठी. गाळणीतला दाब ती कमी करते. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनच्या क्रेडेन्स, २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनच्या डापा-सीकेडी आणि त्यानंतर एम्पाग्लिफ्लोझिनच्या एम्पा-किडनी चाचणीत किडनीची घसरण मंदावलेली दिसली. सुरू करायला ईजीएफआर किमान २० लागतो. वडील २४ वर आहेत, तेव्हा हा विषय याच भेटीत काढा. सुरुवातीला ईजीएफआर थोडा खाली येतो. ३० टक्क्यांपर्यंतची घट अपेक्षित असते, त्याला घाबरून गोळी सोडू नये. उलट्या, जुलाब, जेवण बंद अशा दिवसांत मात्र ती थांबवायची आणि ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या निदान तीन दिवस आधीही. नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात किटोन (चरबी जळून होणारी आम्लं) साचतात आणि ग्लुकोमीटर पाहून कुणाला संशयही येत नाही. सेमाग्लुटाइडच्या (जीएलपी-१ सारखं काम करणाऱ्या, भूक कमी करणाऱ्या औषधाच्या) आठवडी सुईचाही किडनीला फायदा २०२४ च्या फ्लो चाचणीत दिसला. पण वडिलांची भूक आधीच मंद असेल, वजन उतरत असेल तर तिथे हात आखडता घ्यावा.

साखर ७० च्या खाली गेली तर काय द्यायचं, हेही किडनीमुळे बदलतं. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा तेवढीच साखर पाण्यात विरघळवून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, वाढली नसेल तर पुन्हा तेवढीच. फळांचा रस टाळा, पोटॅशियम चढतं. कोला पेयंही नेहमीसाठी नकोत, त्यात फॉस्फेट असतं. अकार्बोज ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर मात्र शुद्ध ग्लुकोजच हवं, साध्या साखरेचं विघटन ते रोखतं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालयात न्या. तिथेही एक चूक हमखास होते. ग्लिमेपिराइडमुळे साखर उतरलेली असताना शिरेतून ग्लुकोज देतात, माणूस उठून बसतो आणि तासाभरात त्याला घरी पाठवतात. किडनी मंद असल्यावर त्या गोळीचा असर एक ते तीन दिवस रेंगाळतो आणि साखर पुन्हा कोसळते. अशा वेळी किमान २४ तास निरीक्षणाखाली राहण्याचा आग्रह धरा.

रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड ही लक्षणं दबतात, घाम मात्र येतो. रात्री उशी ओली होणं, भयानक स्वप्नं, सकाळी डोकं जड होणं याकडे लक्ष ठेवा. लघवीच्या संसर्गासाठी कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक दिलं गेलं तर डोस किडनीप्रमाणे कमी केलाय ना, विचारा. ते साचलं की स्वतःच साखर उतरवतं.

पुढे डायलिसिसची वेळ आली तर सगळा हिशेब पुन्हा नव्याने मांडावा लागतो. रक्ताच्या डायलिसिसमध्ये द्रावणातलं ग्लुकोज बहुधा १०० च्या आसपास असतं. साखर २५० असेल तर ती त्या चार तासांत खाली ओढली जाते, तेव्हा त्या दिवशी सकाळची सुई कमी आणि खाणं वेळेवर. डायलिसिसनंतर इन्सुलिन स्नायूंवर जरा बरं काम करू लागतं, म्हणून दुसऱ्या दिवशी दीर्घ मुदतीच्या इन्सुलिनची गरज सुमारे पाव हिस्सा कमी होऊ शकते. लघवी पूर्ण थांबलेल्या माणसाची साखर ६०० च्या वर गेली तरी त्याला निर्जलीकरण होत नाही, कारण साखरेसोबत पाणी बाहेर जायला वाटच नसते. उलट पेशींतलं पाणी रक्तात ओढलं जातं, सोडियम उतरतं, पोटॅशियम चढतं, तहान लागते आणि छातीत पाणी भरतं. त्याला नेहमीसारखे सलाइनचे लिटर चढवले तर दम लागतो. तिथे उपचार म्हणजे मोजून दिलेलं इन्सुलिन, पोटॅशियमवर नजर आणि गरज पडल्यास डायलिसिस.

पोटाच्या डायलिसिसमध्ये द्रावणातच साखर असते. १.५ टक्क्यांच्या दोन लिटर पिशवीत ३० ग्रॅम, २.५ टक्क्यांच्या पिशवीत ५० आणि ४.२५ टक्क्यांच्या पिशवीत ८५ ग्रॅम. यातली अर्ध्याहून अधिक रक्तात शिरते. इन्सुलिन वाढवावं लागतं. रात्रीच्या पिशवीत आयकोडेक्स्ट्रिन (ग्लुकोजऐवजी वापरायचा पिष्टासारखा पदार्थ) असेल तर ग्लुकोमीटरच्या पट्टीची रसायनपद्धत तपासणं अत्यावश्यक. आयकोडेक्स्ट्रिनपासून रक्तात माल्टोज तयार होतं आणि जीडीएच-पीक्यूक्यू पद्धतीच्या (हे पट्टीवरच्या एन्झाइमच्या प्रकाराचं नाव) पट्ट्या त्याला ग्लुकोज समजतात. खरी साखर ५० असताना मीटर २०० दाखवतं, त्यावर इन्सुलिन दिलं जातं, आणि यातून मृत्यू झालेले आहेत. पट्टीच्या माहितीपत्रकात ग्लुकोज ऑक्सिडेज, जीडीएच-एनएडी किंवा जीडीएच-एफएडी यांपैकी काही लिहिलंय का, आणि माल्टोजचा अडथळा येत नाही असं नमूद आहे का, ते पाहा. ही पिशवी बंद केल्यावरही साधारण दोन आठवडे तोच धोका राहतो.

किडनी प्रत्यारोपण झालं तर चित्र उलटं फिरतं. नवी किडनी इन्सुलिन मोडू लागते, साखरही बनवू लागते, भूक परत येते आणि वर टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेलं) व स्टेरॉइड ही साखर चढवणारी औषधं. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनमुळे साखर दुपारी ते संध्याकाळी चढते, उपाशीपोटीची बरेचदा ठीक दिसते. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर फक्त सकाळची साखर पाहून समाधान मानू नये, दुपारी चारच्या सुमारासही तपासावी.